आप्पाच्या ढाबळीची शास्त्रीय देखभाल

१४ ऑगस्ट १९३८, रविवार. निपाणी.

आजपासून रोजनिशी. कारण महत्त्वाचं आहे.

काल थोरल्या भावाला, आप्पाला, मिरजेच्या दवाखान्यात पोचवून आलो. छातीचं दुखणं. वहिनी म्हणते, वखारीतल्या तंबाखूच्या धुळीनं छाती धरली. मला पटत नाही. आप्पा वखारीत मुकादम, मी त्याच वखारीत कारकून. माझी छाती उत्तम आहे. अर्थात मी ऑफिसात खिडकी लावून बसतो, हा पॉइंट वेगळा.

मुख्य गोष्ट अशी की आप्पाची शर्यतीची कबुतरं आता माझ्या ताब्यात आली. माडीवरची अख्खी ढाबळ. त्यात चंद्री आहे. राखी मादी, गळ्याखाली पांढरा ठिपका, पायात आप्पानं घातलेलं पितळी कडं. गेल्या साली बेळगावाहून सोडलेल्या सगळ्या कबुतरांत पहिली घरी उतरली ती हीच.

मिरजेला खाटेवर टेकता टेकता आप्पा म्हणाला, "सुबू, रोज सकाळी शीट खरवडून काढ. भुई वाळकी ठेव. दाणं भुईवर टाकू नको, जंत हुत्यात. आनि डोस्कं लई चालवू नको." शेवटचं वाक्य तापात असावं.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, मी करते की ढाबळीचं." नको म्हटलं. तिला घरकाम आहे, विड्या वळायच्या आहेत. शिवाय शर्यतीचं कबुतर म्हणजे परसातली कोंबडी नव्हे. इथे सिस्टम लागते. मॅट्रिकला मला इंग्लिशमध्ये मार्क चांगले होते.

निश्चय: रोज पहाटे उठून ढाबळ साफ करणे. फेब्रुवारीची शर्यत जिंकून आप्पाला मिरजेत बातमी देणे.

१५ ऑगस्ट

उठायला उशीर झाला. पाऊस. ओली शीट खरवडली तर पसरते. वाळू दे.

२३ ऑगस्ट

पाऊस चालूच. ढाबळीत वास येतो म्हणून वहिनीची तक्रार. तिला समजावलं, की शिटीचा थर खाली असला तर भुईची ओल वर येत नाही. आपण अंगणात शेणाचा सडा घालतो तो का घालतो? ती नाकाला पदर लावून खाली गेली. पटलं असावं.

ठरवलं: रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा, पण कडक.

४ सप्टेंबर, रविवार

आठवड्याचा दिवस आजचा होता. वखारीचा इंग्लिश पत्रव्यवहार घरी आणला होता, जमलं नाही. दाणे वाडग्यात घालायचे तर वाडगी धुवावी लागतात, म्हणून भुईवरच टाकले. कबुतराला टिपून खायची सवय राहिली पाहिजे. आयतं वाडग्यात मिळालं की आळशी होतं.

ऑब्झर्व्हेशन: कबुतरं भरपूर खातात, तरी अंगावर मांस नाही. चंद्रीला हातात घेतलं तर छातीचं हाड बोटाला लागलं. उत्तम. शर्यतीचं पाखरू सडपातळच पाहिजे.

१२ सप्टेंबर

वहिनीनं ढाबळीच्या उंबऱ्यावर हिरव्या पातळ शिटीत काहीतरी दाखवलं. पांढरं, दोऱ्यासारखं. म्हणाली, "भाऊजी, जंत." मी म्हटलं, दोरा आहे. तेवढ्यात तो हलला. वाऱ्यानंही हलतो दोरा.

१३ सप्टेंबर

आज वारा नव्हता.

१४ सप्टेंबर

ढाबळीत जंत झाल्याचा शोध मी वेळेत लावला. घाबरण्यासारखं काही नाही. दुसरा कोणी असता तर आप्पाकडे धावला असता. आप्पाला कळवायचं नाही. आजारी माणसाला धक्का बसतो.

१८ सप्टेंबर, रविवार

तम्मण्णाकडे गेलो. भांड्यांचा व्यापारी, आमच्या कबुतर मंडळाचा अध्यक्ष, आप्पाचा लहानपणापासूनचा जोडीदार. दर वर्षी दोघांत शर्यतीची चुरस आणि शर्यत संपली की एका ताटात जेवण. माझा जायचा हेतू फक्त त्याची तयारी बघण्याचा होता.

त्याच्या ढाबळीत भुईपासून वर लाकडी पट्ट्यांची फळी मारलीय. शीट फटीतून खाली पडते, पाखरांचा पाय शिटीत पडत नाही. मला न विचारता तो सांगत सुटला. "सुबरावप्पा, हे बग. पोटातल्या जंताची अंडी शिटीतनं खाली पडत्यात. वल मिळाली की पिकत्यात. त्यावर दाणा पडला की दाण्यासंगं परत पोटात. तू वरनं किती बी औषध दे, खालची भुई घाण हाय तवर जंत जाणार न्हाय."

थिअरी बालिश आहे. जंत पोटात, हा म्हणतो भुई बघ. दुखणं जिथे, औषध तिथे. ऐकून घेतलं, चहा घेतला.

आप्पाला तो भावकू म्हणतो. निघताना म्हणाला, "भावकू येईपतूर मी घिऊन जाऊ का रं पाखरं माझ्याकडं?" हसलो. प्रतिस्पर्धी असंच बोलणार.

२० सप्टेंबर

ट्रीटमेंट सुरू. वावडिंग कुटून पाण्यात. कासाराच्या दुकानाशेजारी बसणारा वैद्य म्हणाला चिमूटभर. वैद्याची चिमूट केवढी आणि माझी केवढी हे कोण सांगणार? पसाभर टाकलं.

२४ सप्टेंबर

जंत पडले. ढाबळीत जिकडेतिकडे. मोठा विजय. वहिनी म्हणाली, "आता तरी भुई धुऊन घिऊया, पडल्यालं सगळं परत खात्यात ती." मी तिला जिन्यातच थांबवलं. ट्रीटमेंटच्या काळात पेशंटला हलवायचं नसतं.

दाणे नेहमीप्रमाणे भुईवर.

९ ऑक्टोबर

जंत परत. जास्तच. औषध जुनं असणार.

एक पिल्लू आणि दोन म्हातारे नर गेले. म्हातारपण. पिल्लू अशक्त होतं. परसात शेवग्याखाली पुरली.

१६ ऑक्टोबर

किरमाणी ओवा दिला. नंतर एरंडेल. नंतर एक दिवस कडक उपास, म्हणजे जंतही उपाशी. जंत टिकले. कबुतरांपैकी एक टिकलं नाही.

वहिनी हल्ली मी वखारीत गेलो की माडीवर जाते, असा संशय आहे. आज एका कोपऱ्यातली शीट खरवडलेली दिसली. तिला स्पष्ट बजावलं, की तू मध्ये हात घातलास तर रिझल्ट कोणाचा ते कळणार नाही. ती म्हणाली, "रिझल्ट कुनाचा का असंना, पाखरं जगली म्हंजे झालं." अडाणीपणाशी वाद नको. ढाबळीला कुलूप लावलं.

२४ ऑक्टोबर

दिवाळी. माझी बायको अंबू गेल्याला आज दोन वर्षं. त्या विषयावर इथे लिहायचं नाही असं ठरवलेलं आहे.

वहिनीनं तिच्या नावानं दिवा लावला. मी माडीवर होतो. चंद्री खांद्यावर येऊन बसली. बरीच हलकी झालीय.

६ नोव्हेंबर, रविवार

मोठी बातमी! उपाय सापडला, आणि तो माझ्या नाकासमोर होता.

वखारीत गुंटूरहून एजंट आला होता. तो विसरून गेलेल्या सामानात कोंबड्यांवरचं एक इंग्लिश मासिक. त्यात लिहिलंय की अमेरिकेत कोंबड्यांच्या जंतांवर तंबाखूची भुकटी देतात! आणि मी निपाणीत बसून ओवा कुटतोय! इथे रस्त्यावरची धूळसुद्धा तंबाखूची.

मासिकात म्हटलंय की भुकटी अगदी थोडी, पिठात मिसळून. पण ते कोंबडीचं. कोंबडी पीठ खाते, कबुतर दाणा निवडतं. भुकटी राहील भुईवर. उलट कबुतर पाणी पिताना चोच बुडवून ओढून घेतं. म्हणून पाण्यातून. हे त्या अमेरिकन माणसाला सुचलं नाही.

प्रमाणाचं म्हणाल तर अमेरिकन तंबाखू सौम्य असते, हे वखारीत सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा आपली कमी लागेल की जास्त? विचार केला. आपले जंतही कडक. जास्त.

१२ नोव्हेंबर

चुरा आणला. उकळला. काढा चहापेक्षा काळा झाला. उद्या रविवार, उद्याच देणार. आज दिवसभर पाणी बंद, म्हणजे सकाळी सगळी पोटभर पितील. हीही माझीच आयडिया.

वहिनी चुलीपाशी वास घेऊन म्हणाली, "भाऊजी, चुरा चाळणाऱ्या बाया चक्कर येऊन पडत्यात वखारीत. त्या एवढ्याश्या जिवाला ह्ये?" मी म्हटलं, बायका चाळतात, पीत नाहीत.

१३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी ८. वाडगी भरून ठेवली. तुटून पडली. चंद्री पहिली.

सव्वाआठ. बरीच ओकली. औषध लागू पडतंय.

साडेआठ. पंख पसरून गोल फिरताहेत. माना मागे. आतले जंत धडपडत असावेत.

दुपारी. सविस्तर नंतर लिहीन.

संध्याकाळ. वहिनीनं माझ्या हातातून किल्ली ओढून घेतली आणि वर गेली. वाडगी उपडी केली. एकेकाच्या चोचीत ताकाचे थेंब घालत बसली. जी प्यायला लाजत होती, मागे राहिली होती, तेवढीच उभी आहेत. चंद्री वहिनीच्या ओच्यात गेली. कडं मी काढून ठेवलं.

वहिनी रडली नाही. मला म्हणाली, "जेवायला वाढलंय." स्वतः बसली नाही.

जंत मात्र नक्की मेले. याबद्दल शंका नाही.

२० नोव्हेंबर

वहिनी मिरजेला निघाली. तिला सांगितलं, आप्पानं विचारलं तर सगळं ठीक आहे म्हण. ती म्हणाली, "मी खोटं बोलणार न्हाय. तुमी चला आनि सांगा." वखारीत काम होतं. नाही गेलो.

२२ नोव्हेंबर

परत आली. विचारलं, आप्पा काय म्हणाला? म्हणे, "पाखरांचं इचारलं. मी म्हटलं, भाऊजी रोज वर जात्यात." बस, एवढंच. उगाच घाबरलो होतो.

प्रकृती कशी म्हटलं तर म्हणाली, "हाडं लागत्यात हाताला." सडपातळ माणूस दीर्घायुषी असतो.

१० डिसेंबर

संकेश्वरच्या बाजारात कबुतरं मिळतात असं कळलं. आप्पा आला तर ढाबळ भरलेली दिसली पाहिजे. यात फसवणूक नाही. पेशंटच्या मनाची काळजी घेणं, एवढंच.

१७ डिसेंबर

जाऊन आणली. विकणारा म्हणाला, "कापून द्यू काय?" चिडलो. त्यातली एक राखी मादी हुबेहूब चंद्री. फक्त ठिपका नाही.

१८ डिसेंबर

चुना कालवला. ठिपका दिला. कडं घातलं. लांबून आप्पालासुद्धा कळणार नाही. जवळून बघायला त्याला आता माडी चढवणार नाही.

वहिनीला दाखवली. ती बराच वेळ माझ्याकडेच बघत होती.

८ जानेवारी १९३९, रविवार

आनंदाची बातमी! आप्पा घरी येतोय. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. बरं झाल्याशिवाय दवाखाना कोणाला सोडतो? वहिनीला म्हटलं, साखर वाट. ती कोनाड्याकडे तोंड करून उभी राहिली. बायकांना आनंद दाखवता येत नाही.

१२ जानेवारी

आप्पा आला. मोटारीतून उतरवताना तम्मण्णानं त्याला पोरासारखं उचललं. वजन लागलंच नाही म्हणाला. दोघं हसले. मीही हसलो.

१५ जानेवारी, रविवार

आप्पा माडी चढला. मी नको नको म्हणत होतो. वहिनीच्या खांद्यावर हात टाकून, पायरीपायरीला बसत, आला.

ढाबळीत बसला. सगळीकडे नजर फिरवली. भुईकडे बघितलं. मग मी चंद्री त्याच्या हातात दिली. म्हटलं, बघ, ठणठणीत आहे की नाही.

त्यानं तिला छातीशी धरलं. पंख उघडून बघितला. मग गळ्यावरनं बोट फिरवलं. बोटाला पांढरं लागलं. त्यानं ते धोतराला पुसलं.

मी म्हणालो, अंगाला धूळ लागते हिच्या.

आप्पा म्हणाला, "सुबू, ही चंद्री न्हवं रं." आणि थांबला, कारण खोकला आला. खोकला गेल्यावर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. हिची काय चूक. पाहुणी आलीया म्हणायचं." मग तिला कुरवाळत बसला. बाकीची कुठं गेली, कशी गेली, काही विचारलं नाही.

विचारलं असतं तर मी नीट समजावून सांगितलं असतं. सगळं मुद्देसूद तयार होतं.

२२ जानेवारी, रविवार

आप्पा रोज ढाबळीत. तोंडाला पंचा बांधून, पाटावर बसून, खुरप्यानं थर काढतो. घडीभर काढतो, घडीभर भिंतीला टेकतो. तम्मण्णा पट्ट्या घेऊन आला, दोघांनी फळी मारली. भुईवर चुन्याची फक्की. वावडिंग दिलं, पण अगदीच थोडं, मला ते हास्यास्पद वाटलं. मी म्हटलं, आप्पा, धुळीत बसू नको. म्हणाला, "आता काय व्हायचं ऱ्हायलंय?" म्हणजे आता पूर्ण बरा, असा अर्थ.

मी मदत केली असती. शीट बघून मळमळतं हल्ली.

२९ जानेवारी

कबुतरं सुधारली! शीट घट्ट. जंत नाहीत. पिसांवर चकाकी. माझ्या ट्रीटमेंटचा उशिरा आलेला परिणाम. औषधं साठून राहतात शरीरात. आप्पाला म्हटलं. तो म्हणाला, "व्हय, तसंच असंल."

त्याच्या पंच्यावर लाल डाग होते. पान सोडलंय असं म्हणतो, पण खात असावा गुपचूप.

५ फेब्रुवारी, रविवार

आप्पा आता वर येत नाही. खाट सोप्यात घेतली. विश्रांती चांगलीच. खाटेवरून माडीचा जिना दिसतो.

शर्यत १९ तारखेला. बेळगावजवळच्या कंग्राळीच्या माळावरून सोडायचं, निपाणीत उतरायचं. मी पाहुणीचं नाव दिलं. पायात विजेत्या कबुतराचं कडं आहे, त्याचा परिणाम होतोच. शिवाय रोज मी तिला गच्चीवर नेऊन दिशा दाखवतो.

आप्पाला कळलं. म्हणाला, "सोडू नको रं तिला. तिला ह्ये घर कुठलं ठाव? पिलापास्नं ज्या ढाबळीत वाढत्यात, तिकडंच वळत्यात. हितं खाती पिती, बसू दे." एवढं बोलायला त्याला बराच वेळ लागला. मी म्हटलं बरं.

मनात म्हटलं, जिंकल्यावर बघ तोंड कसं फुलतं. त्याच्यासाठीच चाललंय हे सगळं.

१८ फेब्रुवारी

पाहुणीला टोपलीत घालून सर्व्हिस मोटारीनं बेळगावला रवाना केली, तम्मण्णाच्या पाखरांबरोबर. तम्मण्णा म्हणाला, "भावकूला इचारलंस?" मी म्हटलं, हो.

घरी आल्यावर आप्पानं विचारलं, "पाहुणी कुठाय?" मी म्हटलं, वर आहे, दाणे टिपतेय. त्यानं डोळे मिटले. "चांगलं झालं," म्हणाला.

उद्या खरंच वर असेलच ती. फक्त एका दिवसाचा प्रश्न.

१९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी. गच्चीवर. आकाश स्वच्छ, वारा बेताचा. उजाडताच सोडली असणार. दक्षिणेकडे नजर लावून उभा आहे. वहिनी मघाशी जिन्याखाली येऊन म्हणाली, "भाऊजी, खाली या, ह्यांचा श्वास बघा कसा चाललाय." आलोच म्हटलं. आत्ता नजर हलवली तर नेमकी चुकायची.

तम्मण्णाच्या घरावर एक ठिपका उतरला. मग दुसरा. ओरडा ऐकू आला. पाहुणी मागे आहे. वजनानं थोडी जास्त आहे, हळू पण नेटानं येणार.

आणखी एक. तीही त्याचीच.

(नंतर लिहिलेलं.) खालून वहिनीनं मोठ्यांदा हाक मारली. मला वाटलं, तिला अंगणातून आधी दिसली. ओरडलो, "कुठल्या बाजूला?"

२१ फेब्रुवारी

आप्पाला परवा पोचवलं. तम्मण्णानं शर्यतीचं बक्षीस घेतलं नाही. स्मशानातून येताना माझ्याबरोबर चालला.

पाहुणी आली नाही. वाटेत ससाणे असतात. सगळ्यांना माहीत आहे.

५ मार्च, रविवार

आप्पाचे दिवस झाले. वहिनीचे भाऊ कंग्राळीहून न्यायला आलेत. तिला म्हटलं, इथेच राहा, मी आहे. ती म्हणाली, "तुमी हायसा, व्हय." आणि ट्रंक बांधायला लागली. जाताना मला जेवणाचं सगळं सांगितलं, तांदूळ कुठल्या डब्यात, तिखट कुठल्या. दारात थांबून पाठीवरनं हात फिरवला माझ्या. वयानं माझ्याहून लहान आहे ती.

ढाबळ मोठी करायची योजना आहे. आप्पाच्या नावानं. चांगल्या जातीची पाखरं आणीन. या वेळी सुरुवातीपासून सिस्टम. मासिकाचे आणखी अंक मागवणार.

१२ मार्च, रविवार

तम्मण्णा दोन टोपल्या घेऊन आला. उरलेली पाखरं न्यायला. मी म्हटलं, अधिकार काय तुला? म्हणाला, भावकूनं जाण्याआधी सांगितलंय. मी म्हटलं, खोटं. आप्पानं ढाबळ माझ्यावर सोपवली होती, विश्वासानं, मिरजेला जाताना.

तम्मण्णा ढाबळीच्या उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "सुबरावप्पा, मिरजेला जायच्या आदल्या दिशी त्यो माझ्याकडंच आलता पाखरं द्यायला. टोपल्या बी आणल्यात्या. मग तुझी वहिनी राजाबाई म्हणाली, अंबू गेल्यापास्नं भाऊजी कुनाशी बोलत न्हाईत, वर पाखरांत तरी जीव रमंल. तसा परत घिऊन गेला टोपल्या. मी म्हटलं, भावकू, त्यो मारंल की रं समदी. तर म्हणाला, मारू दे. मानसापरीस पाखरं मोठी हाईत का?"

मग त्यानं एकेक पाखरू उचलून टोपलीत घातलं. मी टोपलीचं झाकण धरलं.

संध्याकाळचे ६.

जेवण केलं नाही. तिखटाचा डबा सापडत नाही.

आज एवढंच.